उधळ्या गोतावळ्यात काटकसरीने राहताना: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी डोंबिवलीत राहते. वय ५३. घरात आम्ही दोघं, कॉलेजात जाणारी मुलगी आणि सासूबाई. सासर-माहेर मिळून तीसेक माणसांचा गोतावळा आहे आणि त्यातली बहुतेक सढळ हाताची. लग्नसराईत, गणपतीत, भिशीत मला तेच ते प्रश्न विचारले जातात. कुणी चिडवत विचारतं, कुणी काळजीने, कुणी बाजूला घेऊन हळू आवाजात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली.

काटकसर आणि कंजूषपणा यात फरक काय?

वाचलेल्या पैशाची झळ कुणाला बसते, ते मी बघते. धुणं-भांड्याला येणाऱ्या मावशींना दिवाळीला एक पगार जास्त द्यायचा असतो, तो मी देते. स्टेशनबाहेर पाटी घेऊन बसलेल्या भाजीवालीशी दोन रुपयांसाठी घासाघीस करत नाही. पण तिच्याकडे जाण्याआधी घरात कोणती भाजी पडून आहे ते बघून निघते. घासाघीस केली तर तिचे पैसे कमी होतात, बघून गेले तर माझे वाचतात.

ही सवय लागली कुठून?

लालबागच्या चाळीतून. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी दहा वर्षांची होते. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यात बाबा होते. ते साचेखात्यात, म्हणजे मागांवर काम करायचे. आई खोलीतच खानावळ चालवायची. गावाकडून एकटे आलेले सात-आठ कामगार आमच्याकडे जेवायचे. संप लांबला तसे ते एकेक करून गावी परतले आणि बाबांच्या पगारापाठोपाठ खानावळही बंद पडली. दोन्ही मिळकती एकाच गिरणीवर उभ्या होत्या, हे तोवर आमच्या कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

वाण्याने काही महिने उधारी दिली, मग त्यानेही हात जोडले. कोकणातून कुळीथ यायचे, सुके बोंबील यायचे. रेशनचा तांदूळ आणि कुळथाची पिठी, हे आमचं रोजचं जेवण झालं. आई घरी पापड लाटायला लागली. तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही, आणि बाबांना गिरणीने परत घेतलं नाही. पगार थांबू शकतो, हे मला दहाव्या वर्षी कळलं. ते अजून डोक्यातून जात नाही.

मग त्याच घरात वाढलेला तुमचा भाऊ एवढा खर्चिक कसा?

हा प्रश्न मीच स्वतःला सगळ्यात जास्त वेळा विचारला आहे. भाऊ माझ्याहून तीन वर्षांनी लहान. आता त्याचा स्वतःचा धंदा आहे, ठाण्यात मोठं घर आहे. त्याच्या मुलांनी काही मागितलं आणि ते आलं नाही, असं होत नाही. कपाटात लेबलं न काढलेले शर्ट, फ्रिजमध्ये दोन आठवडे बसून राहिलेली पनीरची पाकिटं, दर दोन वर्षांनी नवा फोन. मी बरीच वर्षं धुसफुसत असायचे. त्याच्याकडे जेवायला गेले की नजर आधी कचऱ्याच्या डब्याकडे जायची.

मग एकदा वहिनी ओट्यापाशी सहज म्हणाली, "ताई, हे रात्री उठून फ्रिज उघडतात. खात काही नाहीत. नुसतं बघतात आणि बंद करतात." मला एकदम सात वर्षांचा तो दिसला, पिठाच्या डब्याचं झाकण उघडून आत बघणारा. त्या दीड-दोन वर्षांनी आम्हा दोघांचंही वळण ठरवलं. मी डबा रिकामा होऊ नये म्हणून जपून वापरते, तो डबा रिकामा दिसू नये म्हणून भरत राहतो. त्या दिवसानंतर मी त्याला खर्चावरून एक शब्द बोलले नाही.

उधळणाऱ्या प्रत्येकामागे अशी गोष्ट असेलच असं नाही. पण ती नाही, असं गृहीत धरून बोलणं मी सोडलं.

म्हणजे उधळपट्टी करणाऱ्या नातेवाइकांना काहीच बोलायचं नाही?

दोन बाबतीत बोलते. एक, पैसे माझे असतील तेव्हा. दुसरं, कुणी क्रेडिट कार्डाच्या फेऱ्यात अडकतंय असं दिसलं तर. तेव्हा उपदेश करत नाही, कागद-पेन घेऊन बसते.

माझ्या एका भाच्याला बँकेचं कार्ड नवीनच मिळालं होतं आणि तो दर महिन्याला फक्त 'किमान रक्कम' भरत होता. त्याचा समज असा की हप्ता भरला की कर्ज फिटत जातं. मी हिशेब मांडला. थकबाकी ५०,००० रुपये. व्याज महिना साडेतीन टक्के, म्हणजे १,७५० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ३१५ रुपये. भाचा भरतो २,५००. त्यातले २,०६५ व्याजात आणि करात गेले, मुद्दलात जमा झाले फक्त ४३५. आणि या महिन्यात कार्डावर नवी खरेदी केली तर तिच्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज, कारण जुनी बाकी असली की बिनव्याजी मुदत मिळत नाही. तो बराच वेळ कागदाकडे बघत बसला. मग त्याने आईला सांगून पडलेली एक ठेव मोडली आणि कार्ड एकरकमी फेडलं. ठेवीवर सात टक्के मिळवायचे आणि कार्डावर बेचाळीस टक्के भरायचे, हे कितीतरी घरांत चालू असतं. दोन्ही कागद एका टेबलावर कधी येत नाहीत, एवढंच.

मैत्रिणी महागड्या हॉटेलात जायचं ठरवतात. नाही कसं म्हणायचं?

ठरण्याच्या आधी म्हणायचं. ठरल्यावर, त्यातही निघायच्या दिवशी नाही म्हटलं की ते मनाला लागतं. आमच्या सहाजणींच्या गटात मी आधीच सांगून टाकलं आहे: तीन महिन्यांतून एकदा हॉटेल, मी नक्की येणार, आणि त्या दिवशी टीटीएमएम, तुझं तू माझं मी. सगळा खर्च सहा जणींत सारखा वाटायचा तर जिने फक्त डोसा खाल्ला तिला दुसरीच्या तीन मॉकटेलचे पैसे भरावे लागतात, आणि ती बोलत नाही, पुढच्या वेळी येतच नाही. हे मी सांगितलं तेव्हा आणखी दोघी म्हणाल्या, बरं झालं बाई तूच बोललीस. त्यांच्या घरी हप्ते चालू होते आणि आम्हाला कुणाला पत्ता नव्हता.

मधल्या महिन्यांत माझ्या घरी. भेळ, पन्हं किंवा मिसळ. भेळेचा खर्च सहा जणींना मिळून एका मॉकटेलएवढा येतो आणि कुणी टेबल मोकळं करा म्हणून डोक्याशी उभं राहत नाही.

लग्नकार्यात काय करता? तिथे तर नाही म्हणणं शक्यच नसतं.

इथे मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

साखरपुडा, केळवणं, मेंदी, हळद, लग्न, रिसेप्शन, सत्यनारायण. पूर्वी मेंदी म्हणजे चुलत्या-मावश्यांनी घरात बसून काढलेली. आता तिचाही वेगळा हॉल, वेगळा फोटोग्राफर आणि 'सगळ्यांनी पिवळं नेसायचं' असा निरोप. एका लग्नाला तीन नव्या साड्या लागतात असं बायकांना मनापासून वाटायला लागलं आहे. मी लग्नातली पैठणी आणि आईची एक इरकल, या दोनच आळीपाळीने नेसते. "ही मागच्या वेळी नेसली होतीस ना?" असं विचारलं की "हो, आणि पुढच्या वेळीही नेसणार आहे" असं सांगते. हसून सांगितलं की विषय तिथेच संपतो.

आहेराची मी एक वही ठेवते. आमच्याकडे कुणी काय दिलं, आम्ही कुणाला काय दिलं, सगळं तारखेसकट. ही वही सासूबाईंनी १९७४ सालापासून ठेवलेली आहे, मी ती पुढे चालवते. त्यामुळे ऐन वेळी घाबरून जास्त दिलं जात नाही आणि कुणाचं राहूनही जात नाही. जवळच्या नात्यात मी शोभेच्या वस्तू देत नाही, सोन्याची वेढणी देते. अर्ध्या ग्रॅमची का असेना. दागिन्यावर घडणावळ जाते आणि मोडीला नेला की ती परत मिळत नाही. वेढणीला घडणावळ नगण्य असते, आणि पोरीच्या हाताशी काहीतरी राहतं.

पण खरा आहेर मी हातांनी करते. रुखवत मला चांगलं येतं. साखरेचे रंगीत रुखवत-लाडू, चिरोटे, अनारशांची उतरंड, जुन्या रेशमी काठांची तोरणं. भाचीच्या लग्नात मी चार दिवस आधी जाऊन राहिले, रुखवत केलं, पाहुण्यांचे डबे भरले, गुरुजींची यादी सांभाळली. हॉलच्या सजावटीवर काय खर्च झाला ते मला ठाऊक आहे, सांगत नाही. जिथे पैशाने मागे राहतो तिथे वेळेने पुढे जावं. मागे राहिलेलं मग कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

आणि ज्यांना स्वतःचंच लग्न साधेपणाने करायचं आहे त्यांना: हे काही परदेशातून आलेलं फॅड नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला आणि त्या समाजाने भटजीशिवाय, थोड्या खर्चात लग्नं लावली. कर्ज काढून सणवार आणि लग्नं करू नका, हे गाडगेबाबा कीर्तनांतून गावोगाव सांगत फिरले. आजही १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी विवाह करता येतो. दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात निदान ३० दिवस राहत असावा लागतो, नोटीस दिल्यावर ३० दिवस थांबावं लागतं, आणि तीन साक्षीदार लागतात. माझ्या चुलतभावाने असं लग्न केलं, संध्याकाळी घरच्या पन्नास माणसांना मसालेभात-जिलबी वाढली. घरात आठ दिवस रुसवेफुगवे झाले. नवव्या दिवशी त्याच काकूंनी त्यांना केळवणासारखं साग्रसंगीत जेवायला बोलावलं. रुसवा सोसता येतो, पाच वर्षांचं कर्ज जड जातं.

हळदीकुंकवाला वाण काय लुटता?

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत प्रत्येक घरातून प्लास्टिकची एक डबी, एक गाळणी, एक साबणदाणी येते. माझ्या माळ्यावर अशा चोवीस डब्या होत्या. आता मी मेथी-कोथिंबिरीच्या बियांची पुडी, जुन्या सुती साडीच्या शिवलेल्या पिशव्या किंवा पाव किलो गूळ देते. पिशव्या शिवायला दोन दुपारी लागतात. त्या पिशव्या मला बाजारात बायकांच्या हातात दिसतात तेव्हा फार बरं वाटतं.

अन्न वाया जाताना बघवत नाही. काय करावं?

मलाही बघवत नाही. हा माझा सगळ्यात हळवा कोपरा आहे.

घरात उपाय सोपे आहेत आणि ते आपल्या आयांना येत होतेच. रात्रीच्या पोळ्यांचा सकाळी कुस्करा किंवा गूळ-तूप घालून लाडू, उरलेल्या भाताला फोडणी, वरण उरलं तर ते घालून थालीपीठ, ब्रेड कडक झाला तर त्याचा चुरा कटलेटला. आठवड्यातून एक रात्र, आमच्याकडे गुरुवार, नवीन काही शिजवायचं नाही. फ्रिजमध्ये असेल ते संपवायचं. वर्षाचं धान्य भरायची ऐपत आणि जागा असेल तर तूरडाळीला एरंडेल चोळून आणि गव्हात कडुलिंबाचा वाळवलेला पाला घालून ठेवा, किडीने होणारं नुकसान टळतं.

दुसऱ्याच्या घरी मात्र मी फक्त माझं ताट बघते. आधी थोडं वाढून घेते, मग पुन्हा मागते. आणि उरलेलं बांधून द्याल का, असं मोकळेपणाने विचारते. पहिल्यांदा विचारताना जीभ अडखळली होती. आता भावाकडे निघताना वहिनी स्वतःच डबा पुढे करते. मध्ये एकदा तिने विचारलं, फोडणीच्या पोळीत तू कांदा आधी परततेस की नंतर? मी आनंदाने सांगितलं.

नातेवाईक उसने पैसे मागतात, कारण "तुमच्याकडे साठलेले असतात". द्यावेत का?

परत आले नाहीत तरी नातं टिकेल एवढेच द्यावेत. मी रक्कम ठरवून ठेवली आहे, त्याच्या वर देत नाही. दवाखाना किंवा फी असेल तर पैसे थेट तिथेच भरते.

जामीन मात्र राहू नये. "नुसती सही हवी" असं म्हणतात, पण १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. कर्जदाराने हप्ते थकवले तर बँक किंवा पतसंस्था सरळ तुमच्याकडे येऊ शकते. आमच्या नात्यात एकांचा निवृत्तीचा पैसा असा दुसऱ्याच्या टेम्पोच्या कर्जात गेला. दोन्ही घरं आता एकमेकांच्या तेराव्यालाही जात नाहीत.

नवराच खर्चिक असेल तर?

माझे यजमान खर्चिक नाहीत, पण त्यांना गाण्याच्या मशिनींचा शौक आहे. स्पीकर, हेडफोन, जुने रेकॉर्ड प्लेअर. पहिली काही वर्षं यावरून आमचे खटके उडाले. आता दोघांच्या पगारातून घरखर्च आणि बचत बाजूला निघाली की उरलेल्यातून दोघांना सारखी रक्कम मिळते. तिचा हिशेब कुणी कुणाला विचारत नाही. हा नियम मी मोडत नाही. त्यांनी सहा महिने साठवून स्पीकर आणला तर मी किंमत विचारत नाही, गाणं लावायला सांगते.

मुलांना कसं समजावता? मामेभावंडांकडे सगळं असतं.

"आपल्याकडे पैसे नाहीत" असं मी मुलीला कधी म्हटलं नाही. ते खोटं आहे आणि मुलं घाबरतात. मी त्या भीतीत वाढले आहे. "यासाठी पैसे ठेवलेले नाहीत" असं म्हणते, आणि कशासाठी ठेवलेत ते दाखवते. ती आठवीत असल्यापासून दर महिन्याच्या एक तारखेला हिशेबाला आमच्याबरोबर बसते. मामाने तिला वाढदिवसाला महागडा फोन दिला तेव्हा मी परत करायला लावला नाही. त्याने प्रेमाने दिला होता. तिने तो चार वर्षं वापरला, दोनदा बॅटरी बदलून.

वीजबिल आणि प्रवासात खरंच काही वाचतं?

वाचतं, आणि कुणाशी वाद न घालता वाचतं. साधा पंखा ७५ वॉटच्या आसपास घेतो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा साधारण ३०. दिवसाला १२ तास चालला तर महिन्याला २७ युनिट आणि ११ युनिट असा फरक पडतो. घरात चार पंखे असतील तर गुणाकार करून बघा. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांनंतर आणि पुन्हा ३०० नंतर दर चढतो, त्यामुळे वरचे युनिट वाचले की फरक जास्त पडतो. एसी लावायचाच तर २४ ते २६ वर ठेवून सोबत पंखा लावा.

गावी जायला एसटी. १७ मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट आहे आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना त्याआधीपासूनच मोफत. भाऊ गाडी करतो आणि म्हणतो, ये ना आमच्याबरोबर. गणपतीला मी जाते त्याच्याबरोबर. पाच तास त्याच्याशी बोलायला मिळतं.

एवढं साठवून करणार काय?

संप आमच्या घराने दीड वर्ष सोसला, म्हणून अठरा महिन्यांचा घरखर्च मी ठेवीत बाजूला ठेवते. लोक सहा महिने पुरे म्हणतात. मला झोप अठरा महिन्यांवर लागते. त्यापुढचं पीपीएफमध्ये आणि मुलीच्या शिक्षणाला.

तुमची काटकसर कधी चुकली का?

चुकली. मागांच्या खडखडाटात बावीस वर्षं काढल्यामुळे बाबांना उतारवयात ऐकू येईनासं झालं. साचेखात्यातल्या कितीतरी माणसांचं हेच झालं. डॉक्टरांनी तपासणी करून नीट बसवलेलं श्रवणयंत्र सुचवलं, किंमत दोन्ही कानांची मिळून लाखाच्या घरात. मी म्हटलं, ऐंशीच्या घरात आलेल्या माणसाला एवढं कशाला? आणि साडेतीन हजारांचं साधं, आवाज मोठा करणारं यंत्र घेऊन आले. त्यात भांडी पडल्यासारखे आवाज यायचे. बाबांनी ते आठवडाभर लावलं आणि खणात ठेवलं. मला काही बोलले नाहीत. हळूहळू ते सगळ्यांमध्ये बसायचे कमी झाले. कुणी काही विचारलं की नुसते हसायचे. मी समजत होते वय झालं.

दोन वर्षं अशी गेली. मग भाऊ मला न विचारता त्यांना घेऊन गेला आणि ते महागडं यंत्र बसवून आला. मला संध्याकाळी फोन करून म्हणाला, ये. मी गेले. बाबा हॉलमध्ये खुर्चीत बसले होते, मान वर करून छताकडे बघत. मला बघून म्हणाले, "हा पंखा एवढा आवाज करतो होय गं?"